अस्त्राचा उपसंहार

बी.ए.च्या वर्गात वीररस शिकवताना उदाहरणे शोधत बसावे लागत नाही. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आहे, तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा आहे. कथा मुलांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे शिक्षकाचे निम्मे काम हलके होते. उत्साह हा स्थायीभाव, ज्याला जिंकायचे तो आलंबनविभाव, त्याच्या हालचाली आणि बोलणे हे उद्दीपन, अशी मांडणी फळ्यावर करायची आणि प्रतापगडाच्या पायथ्याचा शामियाना वर्गासमोर उभा करायचा. दोन माणसे समोरासमोर येतात, एकमेकांना पाहतात, एकमेकांना भेटतात आणि मग जे घडायचे ते घडते. तास रंगतो. गेली अनेक वर्षे मी हा तास असाच घेत आलो आहे.

चौसाळ्याच्या आसपासच्या गावांतून पहाटे महामार्गाच्या कडेने धावणारी मुले दिसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करत असतो, कोणी सैन्याच्या. त्यांतलीच काही मुले दहा वाजता माझ्यासमोर बाकावर बसलेली असतात. वीररस हा त्यांच्यासाठी केवळ परीक्षेचा प्रश्न नसतो. जुलै २०२५ मध्ये ‘अस्त्र’ या क्षेपणास्त्राच्या यशस्वी चाचणीची बातमी आली, त्यानंतरच्या एका तासाला अशाच एका मुलाने बातमीचे कात्रण दाखवून विचारले, “सर, हे शंभर किलोमीटरवरून मारतं म्हणतात. मारणाऱ्याला समोरचा दिसतच नाही. मग ह्याच्यात वीररस कुठं बसवायचा?”

मी वेळ मारून नेली. उत्साह तर आहेच ना, असे काहीसे म्हणालो. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही आणि उत्तर देण्याची जबाबदारी विज्ञानाच्या प्राध्यापकांची नाही, ती आपली आहे. कारण त्या शस्त्राचे नाव आपल्या घरातून नेलेले आहे. महाकाव्यातून एक शब्द उचलला गेला, तो धातूच्या नळकांड्यावर रंगवला गेला, आणि तो शब्द ज्या अर्थासह जन्माला आला होता त्या अर्थाचे काय झाले हे विचारायला साहित्याचा कोणी माणूस तिथे नव्हता. प्रस्तुत लेख हा ते विचारण्याचा एक प्रयत्न आहे.

प्रथम वस्तू नीट समजून घेऊ. न समजता केलेली साहित्यिक टिप्पणी पोकळ ठरते. ‘अस्त्र’ हे विमानातून सोडायचे आणि विमानावरच मारायचे क्षेपणास्त्र. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेच्या पुढाकाराने ते विकसित झाले. पहिली उड्डाणे २००३ मध्ये जमिनीवरून झाली, प्रकल्पाला रीतसर मंजुरी २००४ मध्ये मिळाली, सुखोई-३० विमानातून ते प्रथम मे २०१४ मध्ये सोडले गेले. मे २०२२ मध्ये हवाई दल आणि नौदलासाठी २,९७१ कोटी रुपयांचा उत्पादन करार भारत डायनॅमिक्स या सरकारी कंपनीशी झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘तेजस’ विमानातून त्याची चाचणी गोव्याच्या किनाऱ्यालगत घेण्यात आली. ज्या चाचणीची बातमी माझ्या विद्यार्थ्याने आणली होती, ती ११ जुलै २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यालगत झाली. लक्ष्य हुडकणारा शोधक, म्हणजे ‘सीकर’, आता देशी बनावटीचा आहे हे तिचे वैशिष्ट्य होते. महाराष्ट्राचा या गोष्टीशी असलेला संबंधही लांबचा नाही. ज्या सुखोई विमानाच्या पंखाखाली हे अस्त्र टांगले जाते, ती विमाने नाशिकजवळ ओझरला बांधली गेली आणि हवाई दलात ती प्रथम पुण्याच्या लोहगावला दाखल झाली.

त्याचे काम असे चालते. साडेतीन मीटरांहून थोडे अधिक लांब, सुमारे दीडशे किलो वजनाचे हे क्षेपणास्त्र. त्यातला स्फोटक भाग अवघा पंधरा किलोंचा. वैमानिकाच्या रडारवर दूरचे विमान एका खुणेच्या रूपात दिसते. कळ दाबली की अस्त्र विमानापासून सुटते आणि ध्वनीच्या चौपटीहून अधिक वेग गाठते. वाटेचा बराचसा भाग ते स्वतःजवळच्या जडत्वमापक यंत्रणेच्या आधाराने कापते. लक्ष्य जागा बदलत असेल तर सोडणारे विमान त्याला मधून मधून नवी माहिती पाठवते. शेवटच्या टप्प्यात त्याचा स्वतःचा छोटा रडार जागा होतो आणि तिथून पुढे त्याला कोणाची गरज उरत नाही. प्रत्यक्ष आदळण्याचीही आवश्यकता नसते. पुरेसे जवळ पोचले की ते फुटते आणि त्याचे तुकडे लक्ष्याला गाठतात. अंतराची कल्पना यावी म्हणून सांगतो, चौसाळ्यावरच्या आकाशात सोडलेले अस्त्र धाराशिव ओलांडून पुढे जाऊ शकेल. या प्रकाराला मराठी वृत्तपत्रे ‘दृष्टिपल्याड मारा करणारे’ असे म्हणतात. शब्द चांगला आहे. त्यात ‘दृष्टी’ आहे आणि ती संपल्याची कबुलीही आहे.

आता नावाकडे वळू. ‘अस्त्र’ हा शब्द ‘अस्’ म्हणजे फेकणे या धातूपासून आला. हातात धरून वापरायचे ते शस्त्र, सोडायचे ते अस्त्र, हा भेद आपण शाळेतच शिकतो. ‘क्षेपण’ या शब्दाचा अर्थही फेकणेच. म्हणजे ‘क्षेपणास्त्र’ या शब्दात फेकणे दोनदा आले, आणि बातमीतल्या ‘अस्त्र क्षेपणास्त्रा’त तीनदा. यात हसण्यासारखे थोडे आहे, पण त्याहून अधिक काही आहे. शब्दाचा एक अंश, फेकण्याचा, आपण तिप्पट करून घेतला. दुसरा अंश गळून गेला. तो कोणता, हे पाहण्यासाठी महाभारताकडे जावे लागते.

मात्र त्याआधी दोन वाचने बाजूला सारायला हवीत, कारण दोन्ही आपल्या वर्गांत हमखास ऐकू येतात. पहिले वाचन अभिमानाचे. महाभारतकाळी आपल्याकडे क्षेपणास्त्रे होती, ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब, आजचे ‘अस्त्र’ म्हणजे हरवलेल्या विद्येचा पुनःशोध. हे वाचन काव्याचा अपमान करते. व्यासांनी जे कल्पनेने आणि नैतिक चिंतेने घडवले त्याला ते कारखान्याचे जुने बिल समजते. शिवाय ते त्या शेकडो अभियंत्यांचाही अपमान करते, ज्यांनी इंधन, शोधक आणि वायुगतिकी यांच्याशी वीस वर्षे झुंज दिली. त्यांच्या हाती कोणतीही पोथी नव्हती. दुसरे वाचन उदासीनतेचे. नाव हे नाव असते, अग्नी, पृथ्वी, त्रिशूल, आकाश, नाग यांत शोधण्यासारखे काही नाही, असे ते सांगते. माझे एक सहकारी हेच म्हणाले. पण साहित्याच्या माणसाने असे म्हणावे याचे मला आश्चर्य वाटले. नाव निरर्थक असते तर एखाद्या आकड्यावर भागले असते. नाव दिले जाते ते त्याच्यासोबत काहीतरी यावे म्हणून. प्रश्न एवढाच की काय येऊ द्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे हे कोणी ठरवले.

महाभारतात अस्त्र ही वस्तू जवळजवळ नाहीच. ती विद्या आहे. ती गुरूकडून मिळते, मंत्राने जागी होते, आणि तिच्यासोबत तीन अटी येतात: ती कोणाला द्यायची, ती केव्हा सोडायची, आणि सोडलेली परत कशी घ्यायची. या तिसऱ्या गोष्टीचे नाव ‘उपसंहार’. आपण हा शब्द प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासाठी वापरतो; अस्त्रविद्येत तो मागे घेण्याच्या विद्येचे नाव आहे. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या वर्गीकरणातही ‘मुक्तसंधारित’ असा एक स्वतंत्र वर्ग आहे, म्हणजे सोडून परत आवरता येणारे आयुध. ज्याला आवरता येत नाही त्याचे शिक्षण अपुरे, अशी ही धारणा आहे.

सौप्तिकपर्वाचा शेवट या धारणेवरच उभा आहे. रात्री झोपेतल्या माणसांची कत्तल करून आलेला अश्वत्थामा कोंडीत सापडल्यावर ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. त्याच्या प्रतिकारासाठी अर्जुनही सोडतो. दोन्ही अस्त्रांच्या मध्ये नारद आणि व्यास उभे राहतात आणि दोघांनाही मागे घ्या म्हणतात. अर्जुन मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते येत नाही. सोडणे येते, आवरणे येत नाही. मग ते अस्त्र कुठे तरी पडलेच पाहिजे म्हणून तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. उत्तरेच्या उदरातला परीक्षित मृत जन्मतो आणि कृष्णाला त्याला जिवंत करावे लागते. दोघांचा गुरू एकच, मंत्र एकच, फरक उपसंहाराचा. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा यांच्यावरच्या प्रकरणाला ‘परधर्मो भयावहः’ असे शीर्षक दिले, त्यामागे हीच जाणीव असावी की ज्याने शस्त्र घेतले पण शस्त्राची शिस्त घेतली नाही, तो सर्वांत भयंकर. हिरोशिमानंतर नऊ वर्षांनी, १९५४ मध्ये, धर्मवीर भारतींनी हिंदीत ‘अंधा युग’ लिहिले, तेव्हा त्यांनाही हाच अश्वत्थामा आठवला.

दुसरा प्रसंग वनपर्वातला, कमी सांगितला जाणारा. इंद्रलोकाहून दिव्यास्त्रे घेऊन परतलेला अर्जुन भावांना ती दाखवायला निघतो. युधिष्ठिरानेच तशी इच्छा व्यक्त केलेली असते. अर्जुन सिद्ध होताच पृथ्वी कापू लागते, नद्या आणि समुद्र खवळतात, भूगर्भातले जीव पीडित होऊन हात जोडून वर येतात. नारद येऊन थांबवतो: लक्ष्य नसताना ही अस्त्रे योजू नयेत, आणि लक्ष्य असले तरी स्वतःवर संकट आल्याखेरीज योजू नयेत. म्हणजे महाकाव्याच्या मते अस्त्राचे प्रदर्शन हाही अपराध आहे. दूरचित्रवाणीवर क्षेपणास्त्राच्या उड्डाणामागे नगारे वाजवणाऱ्या काळाला हा प्रसंग मुद्दाम वाचून दाखवावा असा आहे. चाचणी घ्यावी लागते, हे मी जाणतो. चाचणी आणि प्रदर्शन यांत अंतर आहे, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा प्रसंग अस्त्राच्या ओळखीचा, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला तो सर्वांत जवळचा. तो रामकथेतला आहे आणि आपल्याकडे शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही ठाऊक आहे. अंधारात पाण्याचा बुडबुड आवाज आला, दशरथाला वाटले हत्ती पाणी पितो आहे, त्याने शब्दवेधी बाण सोडला, आणि बाण आईबापांसाठी घागर भरणाऱ्या श्रावणबाळाला लागला. बाण चुकला नाही. नेम अचूक होता. चूक झाली ती ओळखण्यात. दृष्टिपल्याडच्या युद्धाची संपूर्ण अडचण या एका कथेत सामावलेली आहे, आणि सप्ताहात ही कथा ऐकून डोळे पुसणाऱ्या माणसांना ती समजावण्यासाठी वेगळे पाठ्यपुस्तक लागणार नाही.

कारण रडारवरच्या खुणेला चेहरा नसतो. ती आपली की परकी, लढाऊ की प्रवासी, हे ठरवण्यासाठी ‘आयएफएफ’ नावाची व्यवस्था वापरतात: समोरच्या विमानाला सांकेतिक प्रश्न पाठवायचा आणि सांकेतिक उत्तर येते का ते पाहायचे. उत्तर आले तर मित्र. उत्तर आले नाही तर? न आलेले उत्तर हा शत्रुत्वाचा पुरावा नव्हे. यंत्र बंद असू शकते, बिघडलेले असू शकते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी जम्मू-काश्मीरच्या सीमेवर हवाई चकमक चालू असताना श्रीनगरजवळ बडगाम येथे भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. त्यातले हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. ते आपल्याच, जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले असे चौकशीत निष्पन्न झाले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तत्कालीन हवाई दल प्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. त्या सहांपैकी एक अधिकारी नाशिकचे होते. ते क्षेपणास्त्र ‘अस्त्र’ नव्हते, विमानातून सोडलेलेही नव्हते. पण चूक दशरथाचीच होती. आणि अशी चूक एका देशाची मक्तेदारी नाही. १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने सखालिन बेटाजवळ दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान हवाई क्षेपणास्त्रांनी पाडले. २६९ माणसे गेली. तिथे तर वैमानिक लक्ष्याच्या जवळ पोचला होता. म्हणजे डोळ्यांनी पाहिले की चूक टळते असेही नाही. पण पाहणेच संपले की चूक टाळण्याचा सारा भार यंत्रावर आणि नियमावर जातो, आणि नियम पाळणारा माणूस घाईत असतो.

आता वीररसाकडे. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने वीररसाचा आलंबनविभाव ‘विजेतव्य’ असा सांगितला आहे. ज्याला जिंकायचे तो समोर हवा. त्याचा आकार, त्याचे बळ, त्याचा माज यांनी उत्साह उद्दीपित होतो. शाहीर अफजलखानाला धिप्पाड करतो ते यासाठीच. प्रतिपक्ष जितका मोठा तितका रस दाट. दृष्टिपल्याडच्या युद्धात हा विजेतव्य नाहीसा होतो. उरते एक खूण, तिचा वेग, तिची उंची, तिची दिशा. ती खूण पुसली गेली की रसनिष्पत्ती कशाची व्हायची? ७ मे २०२५ च्या चकमकीत दोन्ही देशांच्या विमानांनी सीमा न ओलांडता लांबून क्षेपणास्त्रे सोडल्याचे सांगण्यात आले. कोणाचे किती नुकसान झाले याचे दोन्हीकडचे दावे जुळत नाहीत. कुरुक्षेत्रावर निदान संजय होता, आणि ज्याच्याशी तो बोलत होता तो राजा आंधळा असला तरी संजय त्याला त्याच्या मुलांचे मरण लपवून सांगत नव्हता.

या पोकळीत मराठी बातमी काय भरते ते पाहावे. त्या प्रश्नानंतरच्या तासाला मी मुलांना क्षेपणास्त्रांविषयीची कात्रणे आणायला सांगितली आणि क्रियापदे व विशेषणे अधोरेखित करायला लावली. धडकी भरवणारे, थरकाप उडवणारे, कर्दनकाळ, शत्रूच्या उरात धडकी, अचूक वेध. ही सगळी शब्दकळा पोवाड्याच्या वारशातून आलेली आहे. मैदान बदलले, शब्द तेच राहिले. मग मी विचारले, यातल्या किती बातम्यांत समोर कोण आहे हे कसे ठरवतात ते लिहिले आहे? एकाही कात्रणात नव्हते. मुले थोडी गप्प झाली. मला वाटते त्या दिवशी वीररसाचा तास खऱ्या अर्थाने झाला.

येथे एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. शेजारी राष्ट्राकडे अशीच किंवा याहून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे असताना आपण उपसंहाराच्या गोष्टी करायच्या काय? आपल्या वैमानिकाला, आपल्याच गावातून गेलेल्या मुलाला, उत्तर द्यायचे साधन नको काय? हवे. ‘अस्त्र’ नसावे असे माझे म्हणणे नाही. परक्या देशाच्या मर्जीवर अवलंबून न राहता ते इथे घडले याचा मला आनंद आहे. आणि वैमानिकाचे धैर्य कमी लेखण्याचा तर प्रश्नच नाही. जो न दिसणाऱ्यावर मारतो त्याच्यावरही न दिसणारा मारत असतो. म्हणणे एवढेच की साधन हाती आले म्हणून त्याविषयी बोलण्याची भाषा आपोआप हाती येत नाही. ती घडवावी लागते. ती घडवली नाही तर दुसऱ्याच काळाची भाषा त्या साधनावर जाऊन बसते आणि त्याचे खरे रूप झाकून टाकते. जे झाकले जाते त्याविषयी नागरिक प्रश्न विचारत नाहीत. बडगामविषयी आपण किती बोललो?

दुसरा आक्षेप काव्यशास्त्राचाच. रस ही वाचकाची, प्रेक्षकाची अनुभूती. ती शस्त्राला लावायची कशाला? पण ती लावण्याचे काम मी केलेले नाही, ते बातमीने आणि नामकरणाने आधीच केले आहे. मी फक्त ते शास्त्राच्या नियमांनी तपासतो आहे. आणि शास्त्र इथे आपल्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. विश्वनाथानेच वीराचे चार प्रकार सांगितले: दानवीर, धर्मवीर, युद्धवीर, दयावीर. आपण शिकवताना युद्धवीराजवळ थांबतो, कारण उदाहरणे सोपी आणि टाळ्यांची असतात. दृष्टिपल्याडच्या युद्धात वीर शोधायचा असेल तर तो मला धर्मवीरात दिसतो: खूण रडारवर आहे, वेळ सेकंदांची आहे, उत्तर आलेले नाही, आणि जो खात्री होईपर्यंत कळ दाबत नाही, तो. त्याच्या हाती अस्त्र आहे म्हणून त्याचे थांबणे हे दुबळेपण ठरत नाही. त्याचा उत्साह आवरण्यात आहे. अशा न सुटलेल्या अस्त्राचा पोवाडा मराठीत नाही. शाहिराला तो रचणे अवघड जाईल हे खरे. पण अवघड आहे म्हणून तो रचण्याजोगा नाही असे होत नाही.

सुटलेले अस्त्र परत येत नाही. इंग्रजी लष्करी बोलीतून मराठी बातम्यांत आलेला एक शब्दप्रयोग या बाबतीत सारे सांगून जातो: ‘डागा आणि विसरा’. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हा गुण आहे. वैमानिकाला वळून सुरक्षित निघून जाता येते. महाभारतात मात्र विसरणे हा शाप आहे. परशुरामाने कर्णाला दिलेला शाप तोच, आणि मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला ऐन वेळी अस्त्रे आठवत नाहीत तेव्हाचे दुःखही तेच. ज्या परंपरेत विसरणे ही शोकांतिका आहे त्या परंपरेचे नाव धारण करणाऱ्या यंत्राचे वर्णन आपण ‘विसरा’ या शब्दाने करतो. यंत्राने खुशाल विसरावे. समाजाने विसरू नये. यंत्राला उपसंहार नसेल तर तो सोडण्याच्या आधीच व्हायला हवा, आदेशात, नियमात, ओळखीच्या पद्धतीत, आणि चूक झाल्यावर ती कबूल करण्यात. जुन्या विद्येत मागे घेणे सोडण्याच्या नंतर होते. नव्या विद्येत ते अगोदर आणावे लागेल. अस्त्र या नावाचा आजचा अर्थ मी असा लावतो.

‘अस्त्र’च्या पुढच्या, रॅमजेट इंजिनावर चालणाऱ्या आवृत्तीसाठी ‘गांडीव’ हे नाव पुढे आले आहे. गांडीव हा बाण नव्हे, धनुष्य आहे, ही व्याकरणाची तक्रार मी करणार नाही. पण गांडीवाची शेवटची कथा नाव देणाऱ्यांना आणि बातमी लिहिणाऱ्यांना ठाऊक असावी असे मात्र वाटते. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी अर्जुनाला सांगतो, हे धनुष्य मी तुझ्यासाठी वरुणाकडून आणले होते, आता ते परत कर. अर्जुनाचा मोह सुटलेला नसतो, तरी तो ते पाण्यात सोडतो. म्हणजे गांडीव ही उसनी वस्तू होती, आणि ती योग्य वेळी परत करणे हे तिच्या धन्याचे अखेरचे कर्तव्य होते.

आपल्यापुरते काय करता येईल? फार मोठे काही नाही. मुक्तेश्वराच्या महाभारताची जी पाच पर्वे आज उपलब्ध आहेत, त्यांत वन आणि सौप्तिक ही दोन्ही आहेत, आपण एम.ए.ला मुक्तेश्वराचे वर्णनकौशल्य, त्याची निसर्गचित्रे शिकवतो आणि पुढे जातो. त्याच्या निमित्ताने अस्त्राची ही चर्चा वर्गात आणता येईल. वीररसाच्या तासाला प्रतापगडासोबत श्रावणबाळ ठेवता येईल. आणि निबंधाला ‘अस्त्र’ हा विषय देऊन, एकही विशेषण न वापरता, ते कसे चालते आणि ते सोडण्याआधी कोणाला काय माहीत असायला हवे, हे साध्या मराठीत लिहायला सांगता येईल. मी ते सांगितले. निबंध येत आहेत. विशेषण न वापरणे मुलांना जड जाते आहे, मलाही तपासताना जाते.

ज्याने तो प्रश्न विचारला होता, तो अजूनही पहाटे धावतो. त्याची भरती होईल, न होईल. झाली तर एखाद्या रडारच्या पडद्यासमोर त्याला बसवले जाईलही. तेव्हा त्याला साहित्यदर्पणातली व्याख्या आठवावी अशी माझी अपेक्षा नाही. अंधारातल्या पाण्याचा आवाज आणि घागर आठवली तरी पुरे.